शेजारच्या सीटचा ब्रेक

रविवार, ७ एप्रिल

धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि मला जे म्हणायचं असतं ते राहून जातं. कागदावर तुला तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

सरळच विचारते. माझ्या लेकीच्या डोक्यात तुझ्या शहरातलं कॉलेज कुणी भरवलं?

तिचं शाळेचं शेवटचं वर्ष आता सुरू होईल. शाळेने सांगितलंय की या सुट्टीत मुलांनी घरच्यांना घेऊन दोन-चार कॉलेजं बघून यावीत. वर्ग, होस्टेल, शिकवणारी माणसं, सगळं डोळ्यांखालून घालावं आणि मे संपायच्या आत आपली पहिली पसंती कळवावी. यात वावगं काही नाही. मीही लोकांना ड्रायव्हिंग शिकवते, गाडीत बसल्याशिवाय गाडी कळत नाही हे मला कुणी सांगायला नको. म्हणून काल आम्ही दोघी नकाशा पसरून टेबलाशी बसलो. तिने पेन्सिल घेतली आणि पहिलं वर्तुळ कुठे काढलं असेल? तुझ्या दारात. मी विचारलं, एवढ्या लांब का? तर म्हणे, तिथे दगडांचा विभाग सगळ्यात चांगला आहे. ती त्याला भूशास्त्र म्हणते, मी दगडच म्हणते. तिच्या खोलीच्या खिडकीत इतके दगड मांडलेत की खिडकी लावायची सोय राहिली नाही. एखादा नवीन सापडला की जिभेने चाटून बघते. ओला केला की कण दिसतात म्हणे. अशा मुलीला दगडांचाच नाद असणार हे मी समजू शकते. पण ते नेमके तुझ्याच शहरात कसे?

ती तुझ्याशी बोलते हे मला माहीत आहे. बाथरूममध्ये नळ सोडून बोलते. पाण्याच्या आवाजात 'मावशी' तेवढं ऐकू येतं, पुढचं काही येत नाही. बाहेर आली की चेहरा असा साळसूद की विचारायची सोय नाही. काय शिजतंय तुमच्या दोघींचं?

धाकटे, तू शिकायला गेलीस तेव्हा आई नव्हती आणि अण्णांची नजर पूर्ण गेलेली होती. माझाही प्रवेश झाला होता, तो मी सोडला. अण्णांना आंघोळीला नेण्यापासून पेपर वाचून दाखवण्यापर्यंत सगळं मी केलं. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. तुला तर नाहीच. लेकीचे बाबा गेले तेव्हाही तू सकाळी आलीस आणि दुपारच्या गाडीने परत निघालीस. तेही मी बोलत नाही. पण आता माझ्याजवळ हे एकच माणूस उरलंय. तिला तिकडे ओढू नकोस.

ताई

ओळी वरखाली झाल्या असतील तर सांभाळून घे. या दिव्याचा उजेड अलीकडे फार मंद झालाय.


रविवार, २१ एप्रिल

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मूग गिळून बसायची तुझी सवय जुनीच आहे.

पण तुझा डाव माझ्या लक्षात येतोय. काल आम्ही पहिलं कॉलेज बघून आलो. कुठलं, ऐक. इथलंच, बसने जाऊन येण्यासारखं. आमच्या आधीच्या ठरवण्यात ते नव्हतंच, परवा अचानक हिने घातलं. दगडांचं तिथे नाव नाही. कॉमर्स शिकवतात. तिथली एक विद्यार्थिनी आम्हाला फिरवत होती, फार गोड मुलगी, ग्रंथालय दाखवलं, मैदान दाखवलं, नाटकाचा हॉल दाखवला. आमच्या बाईसाहेबांचं कशातच लक्ष नाही. विचारलं काय, तर वर्ग किती वाजता सुटतात, सुटल्यावर लगेच बस मिळते का, मधल्या सुट्टीत घरी जाऊन यायला परवानगी असते का. होस्टेलकडे ढुंकून बघितलं नाही. त्या मुलीलाही नवल वाटलं असावं. परत येताना मला म्हणाली, "आई, कॉमर्सही चांगलं असतं."

जी मुलगी रस्त्यातली खडी चाटून बघते, तिला एकाएकी कॉमर्स चांगलं वाटायला लागलं? मी काय दूधखुळी आहे? कुठेतरी पाणी मुरतंय. आधी आईला जवळचं कॉलेज दाखवायचं, ती निर्धास्त झाली की ऐनवेळी तुझ्या शहराचं नाव पुढे करायचं, असंच ना? हे डोकं तिचं नाही. एवढी आतल्या गाठीची आपल्या घरात एकच होती.

आणखी एक. हल्ली ती रस्त्यात माझा हात धरून चालते. या वयात मुली आईच्या चार पावलं पुढे चालतात, आपण एकत्र आहोत हे कुणाला कळू नये म्हणून. ही मला चिकटून चालते आणि पायरी आली की "पायरी" म्हणते. मला पायऱ्या कळत नाहीत का? एवढा लाड आला की समजावं, काहीतरी मागायचं आहे किंवा काहीतरी लपवायचं आहे.

त्या कॉलेजात एक वैताग झाला. कुणीतरी शहाण्याने कचऱ्याचा डबा कॉरिडॉरच्या मध्यात ठेवला होता आणि मी त्याच्यावर जाऊन आदळले. गुडघा टम्म सुजलाय. शिकल्यासवरल्या लोकांच्या इमारतीत ही शिस्त. तिथल्या शिपायाला मी चांगलं सुनावलं. तो म्हणाला, डबा नेहमी भिंतीलाच असतो. खोटारडा मेला.

ताई


शनिवार, ४ मे

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. पाकिटात एवढंसं चिठोरं. तू मला लिहितेस की तू तिला ओढत नाहीस, ती फोन का करते ते तिलाच विचार, आणि शेवटी, "ताई, तू डोळे तपासून घेतलेस का?"

माझ्या डोळ्यांचा इथे काय संबंध? मी कॉलेजबद्दल विचारते आणि तू माझ्या डोळ्यांवर जातेस. चष्मा मी गेल्याच वर्षी बदलला. मला समोरच्या गाडीची नंबरप्लेट लांबून वाचता येते. कुणी काही सांगितलंय का तुला? सांगितलं असेल तर कुणी, हे मला कळलं पाहिजे. विषय बदलायची ही पद्धत मी ओळखून आहे.

इकडे माझ्या मागे आणखी एक झेंगट लागलंय, त्यामुळे डोकं आधीच ठिकाणावर नाही. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, आमच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याचा, आणि एक शेजारच्या सीटखाली, शिकवणाऱ्याचा. शिकणाऱ्याने घोटाळा केला की मी माझा दाबते. आयुष्य त्या शेजारच्या सीटवर गेलं माझं. तर ही गाडी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला सुट्टीत कॉलेजं बघायला दिली. लेकीचं लायसन्सचं वय झालेलं नाही, म्हणून मी चालवते आणि ती माझ्या जागेवर बसते.

आणि गाडी आपोआप थांबायला लागली आहे. खरंच सांगते. चौकात येते, मी नीट चालवत असते, आणि पायाखालचा ब्रेक स्वतःच खाली जातो. दुसऱ्या कॉलेजला जाताना झालं, येताना परत झालं. नंतर बाजारात दोनदा झालं. मागचे लोक हॉर्न मारून जीव खातात. मी लगेच गाडी गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री आमच्या गाड्या कितीतरी वर्षं बघतो, पण मागच्या महिन्यात त्यानेच ब्रेकला हात लावला होता, त्यामुळे माझा संशय त्याच्यावरच. त्याने गाडी उचलून बघितली, स्वतः फेरी मारून आला आणि म्हणाला, ब्रेक एकदम ओके आहेत.

"मग आपोआप कसे लागतात?"

"मॅडम, गाडीत शेजारी कोण बसतं?"

बघ, कसा उलटा माझ्यावरच घसरला. मी म्हटलं, माझी मुलगी बसते, तिचा काय संबंध? त्याने हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. स्वतःची चूक निघते म्हटल्यावर सगळेच असे काखा वर करतात. मी मालकांना सांगणार आहे की गॅरेज बदला.

लेकीलाही विचारलं, तुला काही जाणवतं का गं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, नाही.

दुसरं कॉलेज कुठलं ते सांगायचं राहिलं. तेही जवळचंच, तेही कॉमर्स. पण आता मीच ठरवलंय. पुढच्या रविवारी आम्ही तुझ्या शहरातलं कॉलेज बघायला येतोय. ती नको म्हणते. लांब आहे, गरम होईल, आई तू दमशील, अशी शंभर कारणं. ज्या कॉलेजाभोवती तिने सगळ्यात आधी वर्तुळ काढलं तिथेच आता जायचं नाही? मी आलेली तुम्हाला दोघींना नको आहे, हे सरळ दिसतंय. म्हणून येणारच. कॉलेजच्या फाटकाशी उभी राहा. तिच्यासमोर, माझ्यासमोर, काय ते एकदाच बोलून टाकू.

ताई


सोमवार, १३ मे

धाकटे,

काल येणं झालं नाही. गाडी वाटेत बिघडली. तू फाटकाशी उभी होतीस का ते माहीत नाही. नसशीलही.

आम्ही बसने परत आलो. लेक बरी आहे.

ताई


मंगळवार, २१ मे

धाकटे,

गाडी बिघडली लिहिलं ते खोटं होतं. मिस्त्री बरोबर होता.

तुझ्या शहराकडे येताना वाटेत एक लहानसं गाव लागतं, तिथे रस्ता बाजारातून जातो. मी सावकाश चालवत होते. रस्ता मोकळा होता, शपथेवर सांगते, मला मोकळाच दिसत होता. पायाखालचा ब्रेक एकदम तळापर्यंत गेला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी मिस्त्रीच्या नावाने तोंड उघडलं आणि समोर बॉनेटवर कुणीतरी थाप मारली. एक म्हातारे गृहस्थ, हातात भाजीची पिशवी, बंपरला जवळजवळ टेकलेले. ते बाजूने आले होते. ते मला दिसले नव्हते, धाकटे. गाडी थांबल्यावरसुद्धा, त्यांनी थाप मारेपर्यंत दिसले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते पलीकडे गेले.

मग मी खाली बघितलं. लेकीचा पाय तिच्या सीटखालच्या, माझ्या शिकवायच्या ब्रेकवर होता. पाय तिने अजून उचलला नव्हता.

इतकी वर्षं शिकणारी मुलं मला म्हणायची, मॅडम, गाडी आपोआप थांबली. मी हसायचे. मी कायम ब्रेक दाबणाऱ्या बाजूला बसले, त्यामुळे चालवणाऱ्याच्या पायाला तो कसा लागतो हे मला कधी कळलंच नव्हतं. मिस्त्रीने ते एका प्रश्नात ओळखलं आणि मी त्याचं गॅरेज बदलायला निघाले होते.

गाडी कडेला घेतली. कशी घ्यायची तेही तिनेच सांगितलं, जरा डावीकडे, आता सरळ, आता थांब, मी लोकांना सांगते तसं. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, हिवाळ्यापासून. मी टेबलाच्या कडेचा पेला पाडायला लागले तेव्हापासून. तिने तुला अण्णांबद्दल विचारलं, त्यांचं कसं सुरू झालं, आधी काय दिसेनासं झालं. मला विचारलं असतं तर मी ओळखलं असतं, म्हणून नळ सोडून तुला विचारलं. मला तरीही आधी हेच सुचलं की हे सगळं तू तिच्याकडून करून घेतलंस. तसं बोललेही. ती म्हणाली, "मावशी रोज सांगते, आईला सांग. मीच तिला बोलू दिलं नाही."

आणि मग म्हणाली की ती शाळेत कॉमर्सच कळवणार आहे, इथलंच, घरून जाऊन येण्यासारखं. मी ओरडले. दगड बघायला आलोय आपण, म्हटलं. तिने शांतपणे विचारलं, "तू अण्णांसाठी राहिलीस ना?"

ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला ही एकच गोष्ट सांगत आले, आई राहिली आणि मावशी गेली. पोर हुशार आहे. त्या गोष्टीतून जे घ्यायचं ते तिने घेतलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मधलं दिसतं, कडेचं गेलंय. नळीतून बघावं तसं. अण्णांचंच आलंय माझ्याकडे. नंबरप्लेट वाचता येते म्हणून मी मिरवत होते, ती मध्येच असते ना, म्हणून. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती टिकेल ते औषधांवर. मालकांना त्याच दिवशी सांगितलं. ते भले आहेत. आता मी ऑफिसात बसून मुलांना रस्त्याच्या खुणा शिकवते. गाडीच्या किल्ल्या मी स्वतः खुंटीला अडकवल्या आणि मग संडासात जाऊन रडले, हे तुला सांगते, तिला सांगू नकोस.

तिच्याशी मी रोज भांडते. मी आंधळी झालेली नाही, मला हात धरायला कुणी नको, शेजारच्या बाई आहेत, ऑफिस समोर आहे, सगळं सांगून झालं. ती ऐकून घेते आणि पायरी आली की "पायरी" म्हणते. खिडकीतले दगड तिने खोक्यात भरलेत. खिडकी आता नीट लागते. मला ते बघवत नाही. शाळेत कळवायला थोडेच दिवस उरलेत, आणि एकदा कळवलं की ते बदलत नाही.

म्हणून तुला लिहितेय. शनिवारी ये आणि तिला ते कॉलेज दाखवायला घेऊन जा. ओढू नकोस असं मी तुला लिहिलं होतं. आता ओढ. ती माझं ऐकणार नाही, कारण या बाबतीत मी जे काही सांगेन ते मी स्वतः केलेलं नाही. जाणं मला येत नाही, ते तिला कसं शिकवू?

तुला येतं. तू गेलीस त्या सकाळी अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना काही दिसत नव्हतं, तुझ्या चपलांचा आवाज ऐकत होते. तू कोपऱ्यावरून वळलीस तरी आत येईनात. मी म्हटलं, अण्णा, गेली ती. तर म्हणाले, "थांब, अजून पावलं वाजतायत." काही वाजत नव्हतं. मी बाजूला उभी होते, मला माहीत आहे. तू मागे वळून बघितलं नाहीस. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, सांगायचंही नव्हतं.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. तेवढा वेळ मला अजून मिळालेला नाही. पण एक संशय माझ्या मनात आलाय आणि तो जात नाही. तुला जाताना काहीच वाटलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले, ते खरं नसावं. वाटलं असेल, तर तरीही तू कशी गेलीस, पाय कसा उचलला, ते तिला सांग. मला सांगू नकोस.

गाडी आणलीस तर थेट घरापाशी आण, गल्ली रुंद आहे. तिची बॅग मी भरून ठेवते, ती नाही म्हणाली तरी. निघताना तिला म्हण, मागे बघायचं नाही. तिने बघितलं तरी दिसेल काय, मी दारात येणार नाही. आतच बसेन.

ताई